निलव्वाचं लुगडं

संक्रांत झाली आणि शिवमूर्ती गवळ्याचा हात फारच थरथरायला लागला. एका संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर भिंगरी म्हशीच्या सडातून सुटलेली धार गिलासात पडायची ती गणपतरावांच्या पांढऱ्या विजारीवर पडली.

म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, ही कट्ट्यावरची जुनी रीत. कोल्हापूरचा माणूस दुधाच्या बाबतीत सख्ख्या भावावर विश्वास ठेवणार नाही, म्हशीवर ठेवेल. तालमीतून आलेली पोरं, पेठेतले म्हातारे, दवाखान्यात डबा घेऊन निघालेल्या बायका, सगळी भिंगरीभोवती उभी होती, आणि सगळ्यांनी ती विजार बघितली.

"शिवा, मर्दा, गिलास हिकडं हाय!"

"त्याला दोन गिलास दिसत्यात. त्यानं दुसऱ्यात वतलं."

हशा झाला. शिवानं मान वर केली नाही. वर केली असती तर तोंडाचा वास गिऱ्हाइकांना गेला असता. गणपतराव एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस. रोज दिवेलागणीला यायचं, उभ्यानं एक गिलास दूध प्यायचं, मिशी पुसायची आणि जायचं, एवढीच त्यांची आणि शिवाची ओळख. त्यांनी विजार झटकली, चरवीत वाकून बघितल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाले, "माजा हात तर ह्याच्यापरास थरथरायचा. पाना धरता येत न्हवता."

"तुमचा? तुमाला काय झालतं?"

"तुला झालंय त्येच. मंगळवारी धारा झाल्या की शिवाजी पेठंत ये. शाळंच्या खोलीत आमी बसतो."

शिवाला वाटलं, बसतो म्हणजे बसतोच. त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती गणपतरावांनी ओळखली. "तसं न्हवं रं. न पिता बसतो."

न पिता माणसं कशाला बसतील, हे कोडं घेऊन शिवा भिंगरीला हाकत पूल ओलांडून वाडीत आला. घरात दिवा नव्हता. दिवाळीपासून नव्हताच.

पाडव्याला गवळी म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, कपाळाला मोरपिसं बांधतात, वाजतगाजत मिरवतात. गेल्या पाडव्याला मिरवणुकीत भिंगरी शिस्तीत चालली आणि शिवा गटारीत पडला. त्याची बायको निलव्वा त्याला उचलायला आली नाही. तिनं म्हशीचं दावं धरलं, तिला घरी आणून बांधलं, पुढ्यात पेंड ठेवली, धार काढली. मग अंगावरचं शेणघाणीचं इरकल लुगडं फेडून गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं, धुतलेलं नेसली आणि शिरोळच्या एसटीत बसली. माहेर तिकडचं. त्याआधी शिवानं तीनदा शपथ घेतली होती. एकदा आईच्या फोटोपुढं, एकदा मेव्हण्याच्या अंगणात, एकदा गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून. ते लिंगही आता गळ्यात नव्हतं. पिताना देवाला वास नको म्हणून तो ते काढून माजघरातल्या खिळ्याला अडकवायचा. पुढं पुढं रोज काढघाल कोण करणार म्हणून ते खिळ्यावरच राहिलं.

मंगळवारी तो गेला, तो काही सुधारायला नव्हे. घरी जायचं जीवावर आलं होतं, म्हणून गेला. म्हैस बरोबर होतीच. कट्ट्यावरून तिला सोडायची कुणाकडं? पेठेतल्या अरुंद गल्लीतनं भिंगरी चालली तशी फुटबॉलची पोरं भिंतीला चिकटली. दारूड्यांची मीटिंग कुठं आहे, असं विचारायचं तरी कसं? शिवा पानपट्टीसमोर थांबला.

"पावणं, शाळंत मीटिंग कुटं हाय?"

"पालकांची व्हय?"

"व्हय."

पानवाल्यानं भिंगरीकडं बघितलं. "ही पण पालक?"

शाळेच्या दारातल्या नळाला त्यानं म्हैस बांधली. आत बालवाडीच्या खोलीत भिंतीवर अननस आणि आगगाडी, आणि पोरांच्या इवल्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली दहाबारा मोठी माणसं. एक शिंपी, एक कॉलेजातला मास्तर, एक झाडूवाला, बाकीचे कोण ते कळलं नाही. रिकाम्या हातानं कुणाकडं जायचं नाही म्हणून शिवानं चरवीत दूध राखून आणलं होतं. ते त्यानं टेबलावर ठेवलं. लग्नात आहेर ठेवावा तसं.

एकेक जण नाव सांगून बोलत होता. नुसतं नाव. आडनाव नाही, गाव नाही, कुणाचा कोण ते नाही. शिवाला अंगावरचं धोतर कुणी ओढल्यासारखं वाटलं. आडनावाशिवाय वाडीत कुत्रंसुद्धा कुणी ओळखत नाही. पण ती माणसं बोलत होती मात्र भलतंच. शिंपी म्हणाला, मी गिऱ्हाइकाचं लग्नातलं कापड विकून प्यालो. म्हणाला आणि बसला. कुणी चकचक केलं नाही की कुणी हसलं नाही.

शिवाची पाळी आली. तो उभा राहिला. बाक त्याच्याबरोबर उठलं.

"मी शिवमूर्ती," तो म्हणाला. पुढं काय म्हणायचं ते सुचेना. "म्हैस भाईर हाय."

"नमस्कार, शिवमूर्ती," सगळे एका सुरात म्हणाले.

जाताना त्याच्याच दुधाचा चहा झाला. कपबशी हातात खडखडायला लागली तशी शेजारच्या मास्तरांनी बशी काढून घेतली आणि नुसता कप दोन्ही हातांत दिला. परतताना पुलावर वारं होतं. खाली पंचगंगेच्या पाण्यात काही दिसत नव्हतं. "भिंगरे," शिवा म्हशीला म्हणाला, "आज आपुन पावण्यात गेलतो." दिवाळीनंतर तो पहिल्यांदाच कुणाशी तरी आपणहून बोलला होता, आणि ती म्हैस होती.

पुढच्या मंगळवारी शिवा सोडतो म्हणाला. दारू एकदम सोडली तर अंगावर येतं, म्हणून गणपतरावांनी त्याला आधी डॉक्टरकडं नेलं. गोळ्या मिळाल्या. तरी घाम फुटायचा, भिंतीवर मुंग्या चालताना दिसायच्या. शेजारची म्हातारी धोंडुबाई आंबिलीचं भांडं उंबऱ्यावर ठेवून जायची. "मरू नगंस," म्हणायची. "तुजी म्हस कोण बघंल? माझ्या गुडघ्यात दम न्हाय." त्या दिवसांत धार काढायला तिचा भाचा येत होता. भिंगरी त्याला लाथा घालायची, आणि निम्मंशिम्मं दूध द्यायची.

मग ताप उतरावा तसं ते उतरलं. एका पहाटे शिवा उठला तर हात हातासारखे वाटले. गार पाण्यानं आंघोळ करून धुतलेला सदरा घातला, चरवी घेतली, भिंगरीपुढं पेंड ठेवली आणि कासेला हात घातला.

भिंगरीनं मान वळवून त्याला हुंगलं. नाकपुड्या फेंदारल्या. आणि दूध वर ओढून घेतलं.

त्यानं कास धुतली, थोपटली, चुचकारलं. सड ओढून ओढून बोटं दुखली. चरवीच्या तळाला चार चुळा पडल्या. संध्याकाळी तेच. कट्ट्यावर तीन गिऱ्हाइकं गिलास हातात धरून उभी राहिली आणि शेजारच्या म्हशीकडं वळली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तसंच. कास दगडासारखी टणक झाली. म्हैस हंबरायची, पाय आपटायची, पण सोडायची नाही.

"पान्ह्याचं इंजेक्शन मार की," कट्ट्यावरचे म्हणाले. बरेच जण मारायचे. शिवाच्या बापानं कधी मारलं नव्हतं. शिवानं आयुष्यात बापाचं एवढं एकच ऐकलं होतं, ते त्याला मोडवेना.

कारण सांगितलं ते बाळासोनं. बाळासो त्याचा रोजचा बसण्यातला जोडीदार. गोठ्याच्या दारात उभा राहून तो पोट धरून हसला. "आरं येड्या, ती तुला वळखंना झालीया! रेडकू मेलं तवापास्नं तिला तुज्या वासाची सवय. वास आला की धनी आला. आता हा साबणाचा कोण पावणा आलाय, आसं म्हणत आसंल ती."

शिवाला हसू आलं नाही. खरंच होतं ते. निलव्वा गेली तेव्हा रेडकू होतं, त्याला कासेला लावलं की म्हैस पान्हवायची. रेडकू मेलं ते मार्गशीर्षात, शिवा शुद्धीत नसताना. त्यानंतर भिंगरीनं जी माया जोडली ती हातभट्टीच्या वासाशी.

"घोटभर घे," बाळासो म्हणाला. "म्हशीपायी घ्यायचं. औशिदावाणी."

"न्हाय."

"बरं, पिऊ नगंस. अंगावर शिंपड! मग तर झालं?" आणि त्यानं खिशातली बाटली दावणीवर ठेवली. जाताना म्हणाला, "माझ्याकडनं."

शिंपडण्यात काय पाप? शिवानं सदऱ्याच्या बाहीवर, छातीवर चार थेंब टाकले. भिंगरीनं हुंगलं. डोळे मिटले. कासेला हात लावायचा अवकाश, दूध सरसरून खाली आलं. चरवी भरली, फेस वर आला. आनंदानं त्याला रडू फुटलं.

चरवी बाजूला ठेवली तरी तो दावणीशीच बसून राहिला. डोकं म्हशीच्या पोटाला टेकलेलं. किती वेळ गेला कळलं नाही. भान आलं तेव्हा सदऱ्याची बाही त्याच्या तोंडात होती. रेडकू निलव्वाची बोटं चोखायचं, तसा तो बाही चोखत होता.

बाटली तशीच दावणीवर उभी होती. तो उठला आणि उकिरड्यावर ती उपडी केली. सगळी ओतून होईपर्यंत त्यानं नाक दाबून धरलं होतं.

त्या मंगळवारी तो शाळेच्या खोलीत उभा राहिला आणि सगळं बोलला. म्हैस ओळखत नाही इथपर्यंत आल्यावर झाडूवाला फसकन हसला, मग मास्तर, मग सगळी खोली. शिवाही हसला. कट्ट्यावरच्या हसण्यासारखं हे नव्हतं. प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी आठवत होतं. मग त्यानं बाहीचं सांगितलं, आणि हसणं थांबलं.

"पुन्हा शिंपडणार?" गणपतरावांनी विचारलं.

"न शिंपडून काय करू? म्हस आटंल. म्हस आटली तर मी काय हाय? आन् शिंपडलं तर मी ऱ्हात न्हाय. ह्यात मदी जागाच न्हाय, गणपतराव."

कुणी उपाय सांगायचा आव आणला नाही. शिंप्यानं नुसता हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि चहा येईपर्यंत काढला नाही. तेवढ्यानं म्हैस पान्हवत नाही. पण त्या संध्याकाळी पूल ओलांडताना डाव्या बाजूला बाळासोबरोबर बसायच्या अड्ड्याचा दिवा दिसला, आणि शिवा उजवीकडं भिंगरीच्या शिंगाला धरून चालला.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई भांडं न्यायला आली. रिकामी चरवी बघून ती गोठ्यात शिरली, कास दाबून बघितली आणि शिवावर खेकसली, "आरं, सडं फुटतील हिची! निलव्वाचं लुगडं ते काय लोंबतंय? घाल की अंगावर!"

"मी? लुगडं?"

"मग काय मी घालू? माजी सासू गेली तवा सासरा म्हैनाभर तिचं लुगडं नेसून धारा काढायचा. मिशी ही आश्शी! म्हस मिशी बघत न्हाय."

खुंटीवरच्या त्या लुगड्याला शिवानं दिवाळीपासून हात लावला नव्हता. त्याला लागून जायची वेळ आली तर अंग चोरून जायचा. हिरवं इरकल, काठ विरलेला, पदराला शेण वाळून कडक झालेलं. त्यानं ते खाली काढलं. शेण, धूर, पेंड, आणि त्याखाली निलव्वा. तिच्या डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाचा वास. शिवा खाली बसला. धोंडुबाई मधल्या वेळात बाहेर जाऊन उगीचच कुणाच्या तरी कोंबडीला शिव्या देत उभी राहिली.

नेसता येत नव्हतंच. कसंतरी कमरेला गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला. भिंगरीनं हुंगलं. थांबली. पदराचं टोक जिभेनं चाटलं, आणि घशातून असा बारीक आवाज काढला की तो त्यानं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. दूध खाली आलं.

चरवी भरत होती आणि शिवा विचार करत होता, संध्याकाळचं काय?

सकाळची धार गोठ्यात, बघणारी धोंडुबाई. संध्याकाळची कट्ट्यावर, बघणारं अर्धं कोल्हापूर. दुपारभर तो उंबऱ्यावर बसला. बाळासो आला, बसला, बिडी ओढली. त्याला कळलेलं होतं. वाडीत काय लपतंय?

"लुगडं नेसून गंगावेशीत जाणार व्हय रं? जल्मभर 'बाई' म्हणत्याल. त्यापरास दोन घोट काय वाईट? दारू पिणाऱ्याला कोण हसतंय? आपल्यात समदीच पित्यात."

तेही खरंच होतं. दारू पिऊन गटारीत पडला तेव्हा चार लोकांनी उचलून घरी आणलं होतं. लुगडं नेसून पडला असता तर कुणी हात लावला नसता. शिवानं बाळासोकडं बघितलं. वीस वर्षांची सोबत. एवढ्या वीस वर्षांत ह्यानं आपल्याला कधी एकटं सोडलं नाही, हे त्याच्या मनात आलं. आणि ह्यापुढं आपण एकटेच, हेही आलं.

"जा बाळासो," तो म्हणाला. "धारंची येळ झाली."

कट्ट्यावर त्यानं भिंगरीला नेहमीच्या जागी उभं केलं, पेंड ठेवली, पिशवीतून लुगडं काढलं. सदरा-धोतरावर ते गुंडाळलं आणि पदर डोक्यावर घेतला. शेजारच्या गवळ्याची धार हातातच थांबली.

मग सुटलं.

"आग्गं बया! शिवाबाई!"

"वैनी, गिलासभर द्या की!"

"काय ओ, मालक कुटं गेले तुमचे?"

तालमीतल्या एका पोरानं शिट्टी मारली. एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन तोंड दाबून हसली. शिवाचे कान तापले, मानेवरून घाम उतरला. मालक कुठं गेले, हे विचारणाऱ्याला ठाऊक नव्हतं की त्यानं नेमकं काय विचारलं. शिवा उकिडवा बसला, कपाळ म्हशीच्या मांडीला टेकवलं. पदराच्या आत अंधार होता आणि खोबरेल तेलाचा वास होता. तो सडाला हात घालून थांबला. सोड, बाई. आता सोड.

भिंगरीनं सोडलं. चरवीच्या तळाला पहिली धार वाजली तसा कट्ट्यावरचा गलका किंचित उतरला. कोल्हापूरचा माणूस कशालाही हसेल, धारेच्या आवाजाला हसणार नाही.

पदरासमोर एक गिलास आला. धरलेला हात गणपतरावांचा.

"भर," ते मोठ्यानं म्हणाले. "आन् कुणाला हसायचं आसंल त्यांनी आधी माज्यासारकं वीस वरसं प्यावं, मग सोडून दावावं, मग हसावं."

ते दूध प्याले, मिशी पुसली आणि नेहमीप्रमाणं निघून गेले. हसणारे हसतच होते. पण एकाएकानं गिलास पुढं येत होते.

शिवाबाई हे नाव पडलं ते पडलंच. पोरं लांबून हाक मारायची. तो ओ द्यायला लागला तशी त्यातली मजा गेली. रोज सकाळ-संध्याकाळ लुगडं अंगावर चढायचं. मंगळवारी ते पिशवीत घडी होऊन शाळेच्या खोलीत त्याच्या मांडीवर असायचं. घरी आल्यावर तो ते खुंटीला अडकवायचा, आणि झोपण्याआधी एकदा गोठ्यात जाऊन पदर नाकाशी धरायचा. रोज तेल थोडं कमी झालेलं असायचं. त्याच्या घामाचा, बिडीचा, त्याच्या साबणाचा वास वर चढत होता. धुवायचं नव्हतं, वापरायचं तर होतं. वापरलं की ती जात होती.

फाल्गुन सरत आला. एका संध्याकाळी मेव्हण्याच्या गावचा एक माणूस कट्ट्यावर भेटला, निलव्वाचं बरं आहे म्हणाला, भावाच्या शेतात तण भांगलायला जाते म्हणाला. शिवानं विचारलं, "माजं काय इचारलं?" माणूस म्हणाला, "न्हाय बा." ते ऐकत ऐकत शिवा धारेला बसला. चरवी अर्धी झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की डोक्यावर पदर नाही. पिशवी घरीच राहिली होती. तो धोतरा-सदऱ्यात, उघड्या डोक्यानं बसला होता, आणि भिंगरी रवंथ करत दूध देत होती.

त्याचे हात थांबले. म्हशीनं मान वळवून त्याला हुंगलं, काय थांबलास म्हणाल्यासारखं, आणि पुन्हा पेंडीत तोंड घातलं. तिनं त्याला ओळखलं होतं. ह्या नव्या, दारूचा वास न येणाऱ्या माणसाला. आसपास कुणाला कळलंही नाही. फक्त एक पोरगं म्हणालं, "शिवाबाई, आज लुगडं धुयाला टाकलं काय?"

घरी येऊन तो गोठ्यात गेला आणि खुंटीवरचा पदर नाकाशी धरला. निलव्वा नव्हती. खोबरेल नव्हतं. त्याचाच वास होता, नुसता त्याचा.

सकाळी धार झाल्यावर त्यानं लुगडं बादलीत घालून पंचगंगेवर नेलं. दगडावर आपटून पदराचं शेण मोकळं केलं, काठ जपून चोळला. विरला होता, फाटला असता. हिरवा रंग उघडा पडला तो त्याला आठवत होता त्याहून फिका होता. अंगणात दोरी बांधून त्यानं ते लांब वाळत टाकलं.

धोंडुबाई घाईघाईनं बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं दोरीकडं बघितलं, मग घराच्या दाराकडं.

"आली व्हय रं?"

"न्हाय, आक्का."

"मग धुतलंस कशाला? म्हशीचं काय?"

"म्हस देतीया. तशीच देतीया आता."

म्हातारीनं दोरीजवळ येऊन लुगड्याची एक चुणी सरळ केली. "मग सांगावा धाड की तिला. का सांगायला लाज वाटती?"

"शपथा लई घेतल्या, आक्का. तीन येळा." शिवानं बादलीतलं उरलेलं पाणी दोरीखालच्या मातीवर ओतलं. "आधी लुगडं वाळू दे."